एआय ग्राहकाला चुकीचा भाव सांगतोय? तपासायला कुठून सुरुवात करायची

लक्षणं

दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एआय सहायक बसवून दोन-तीन आठवडे झाले की तक्रारी सुरू होतात, आणि त्या ठरलेल्या असतात. गेल्या दिवाळीचा भाव यंदा सांगतो. अर्धा किलो विचारलं तर किलोचा भाव देतो. एकाच मालाचा सकाळी एक भाव, संध्याकाळी दुसरा. जो माल आपण ठेवतच नाही त्याचाही भाव अगदी ठामपणे सांगून मोकळा होतो. उलट, माल समोर बरणीत भरलेला असताना 'सध्या उपलब्ध नाही' म्हणतो. पाकीटबंद नमकीनवर जुना, 12 टक्के जीएसटी धरतो. आणि शेवटचं लक्षण, जे मला सगळ्यात वाईट वाटतं: दुकानातली माणसं त्याच्याकडे बघणंच सोडून देतात, पुन्हा वही उघडून उत्तरं देऊ लागतात, आणि मालक मात्र दर महिन्याला पैसे भरत राहतो.

यातली दोन जरी जुळत असतील तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

मी इंदूरमध्ये छोट्या दुकानांचे हिशेब आणि संगणकाची कामं बघतो. हा एकच बिघाड मी रामबागेत घरून फराळ विकणाऱ्या काकूंकडे, सियागंजातल्या किराण्याच्या पेढीवर, कापड मार्केटमधल्या साड्यांच्या दुकानात आणि सांवेर रोडवरच्या खोक्यांच्या कारखान्यात दुरुस्त केला आहे. सगळीकडे पहिलं वाक्य एकच होतं, "हे काढा, दुसरं चांगलं बसवून द्या." एकाही ठिकाणी साधन बदलावं लागलं नाही. खरा भाव मालकाच्या डोक्यात होता, भिंतीवरच्या पाटीवर होता, कधी पर्चीच्या मागे लिहिलेला होता. सहायकाला दिलेल्या फाइलीत तेवढा नव्हता.

हे यंत्र भाव 'पाहून' सांगत नाही. आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत ते वाक्य तयार करतं. समोर तुमची यादी नीट असेल तर अंदाज यादीला धरून राहतो. नसेल तर ते भावासारखा दिसणारा एक आकडा तयार करतं. खोटं बोलतोय याची त्याला जाणीव नसते, म्हणून आवाजात चाचरणंही नसतं. दुकानातला नवा मुलगा माहीत नसलं की गल्ल्याकडे बघतो. हे यंत्र बघत नाही, त्याला तसं सांगावं लागतं.

सगळ्यात आधी: आपोआप पाठवणं बंद करा

ही दुरुस्ती नव्हे, रक्ताची धार थांबवणं आहे. सेटिंगमध्ये जाऊन उत्तर आपोआप जाऊ देणं बंद करा. सहायकाने मसुदा तयार करावा, माणसाने वाचून पाठवावा. पैसे लागत नाहीत, पाच मिनिटं लागतात.

काकूंच्या सहायकाने 420 रुपये किलोची चकली एका ताईंना 320 ला सांगितली. त्यांनी पाच किलोची ऑर्डर दिली आणि न्यायला आल्या तेव्हा मोबाइलवरचा निरोप दाखवला. काकूंनी शब्द पाळला, 500 रुपये सोडले. त्यांनी ते चांगुलपणाने केलं, पण जबाबदारीही त्यांचीच होती. कॅनडात एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीचा चुकीचा नियम सांगितला होता. चॅटबॉट ही वेगळी गोष्ट आहे, त्याच्या बोलण्याला आम्ही बांधील नाही, असा कंपनीचा बचाव होता. फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. तो निकाल आपल्याकडे लागू नाही, पण ग्राहक मात्र इथेही हेच म्हणणार, "भिया, आपके नंबर से ही तो आया है."

पहिली तपासणी: नवी चॅट उघडून तोच प्रश्न विचारा

एक मिनिटाचं काम. चुकलेला प्रश्न जसाच्या तसा कोऱ्या चॅटमध्ये टाका. तिथे उत्तर बरोबर आलं तर दोष जुन्या संभाषणात आहे. एका वेळी यंत्र ठरावीक मजकूरच विचारात घेऊ शकतं. चॅट लांबत गेली की सुरुवातीला दिलेली यादी मागे पडते किंवा गळून जाते. त्यात कुणी मध्येच 'आजपासून चिवडा 20 ने महाग' असं लिहिलेलं असेल, तर जुना आणि नवा असे दोन्ही भाव एकाच संभाषणात शिल्लक राहतात आणि यंत्र कधी हा उचलतं, कधी तो. काही साधनांत आधीच्या गोष्टी लक्षात ठेवण्याची सोयही असते. सेटिंगमध्ये ती उघडून बघा, मागच्या हंगामातला एखादा भाव तिथे बसलेला सापडतो.

नव्या चॅटमध्येही उत्तर चुकलं तर पुढे चला.

दुसरी: याद्या किती आहेत ते मोजा

सहायकाला जोडलेल्या फाइली उघडा. साड्यांच्या दुकानात मला 'रेट', 'रेट नवीन', 'रेट फायनल' आणि 'रेट फायनल दिवाळी' अशा चार फाइली जोडलेल्या सापडल्या. चौघींत पैठणीचे भाव वेगळे. माणूस नाव वाचून ओळखतो की शेवटची खरी. यंत्राला 'फायनल' या शब्दाचा असा अर्थ कळेलच याचा भरवसा नाही. एकच फाइल ठेवा, तिच्या पहिल्या ओळीत 'हे भाव अमुक तारखेपासून' असं लिहा, बाकीच्या नुसत्या बाजूला सारू नका, सहायकातून काढूनच टाका.

तिसरी: यादी वाचता येते का? तुम्हाला नव्हे, संगणकाला

इथे इंदूरचा एक खास घोळ आहे. मी तो इतक्या वेळा बघितलाय की आता आधी हेच तपासतो.

यादी उघडा, एक ओळ बोटाने किंवा माउसने निवडा, कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये स्वतःलाच पाठवून बघा. तीन गोष्टी होऊ शकतात. ओळ जशीच्या तशी उमटली तर उत्तम. ओळ निवडताच आली नाही तर तो स्कॅन आहे, म्हणजे फोटो. अक्षरं ओळखताना यंत्र 3 चा 8 करू शकतं, आणि भावात एक आकडा पुरतो. तिसरी शक्यता अशी, की देवनागरीच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरांची रांग उमटते. तसं झालं तर यादी कृती देवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे.

मध्य प्रदेशात सरकारी अर्जांपासून लग्नपत्रिकेपर्यंत कितीतरी टायपिंग वर्षानुवर्षं कृती देवमध्ये झालं. त्यात पडद्यावर 'क' दिसतो, पण संगणकाने साठवलेलं असतं रोमन 'डी' हे अक्षर. 'र' च्या जागी 'जे', 'म' च्या जागी 'ई'. फाँट फक्त वरून देवनागरीचा पोशाख चढवतो. आपल्याला 'कर' दिसतं, यंत्राच्या हाती 'डीजे' जातं. मग ते चकलीचा भाव कुठून शोधणार? ओळच त्याला वाचता येत नाही, म्हणून ते स्वतःच्या मनाने आकडा देतं. सियागंजातल्या पेढीवर अख्खा महिना हेच चाललं होतं आणि सगळे दोष देत होते इंटरनेटला.

उपाय फुकट आहे. कृती देवमधून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला वाचता येणाऱ्या अक्षरांत, बदलून देणारी साधनं इंटरनेटवर मिळतात. पण बदलल्यावर प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घाला. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार बदलताना सरकतात. शंभरेक ओळींची यादी असेल तर मी सरळ नव्याने टाइप करायला सांगतो. बोलून टाइप करण्याची सोय मोबाइलवर आहेच, आणि त्या निमित्ताने मालक स्वतःचे भाव एकदा नीट वाचतो. अशा वेळी हमखास कुणीतरी म्हणतं, "अरे, हा भाव तर आपण केव्हाच बंद केला!"

चौथी: प्रत्येक ओळ एकटी उभी राहते का

माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा या तपासणीत आहे. एक संध्याकाळ जाते, पैसा लागत नाही. तिला वेळ द्या.

भावपत्रक आपण कसं छापतो? वर मोठ्या अक्षरात 'सर्व भाव प्रति किलो', खाली नावं आणि आकडे. माणसाला पुरतं. सहायक मात्र बरेचदा मोठी फाइल अख्खी वाचत नाही. तिचे तुकडे करून ठेवतो आणि प्रश्न आला की जुळणारे तुकडे तेवढे उचलतो. साठाव्या ओळीचा तुकडा उचलला तर 'प्रति किलो' हे शब्द त्याच्यासोबत येत नाहीत. '420' एवढंच हाती येतं. किलोचे की पाकिटाचे, हे पुन्हा अंदाजावर. काकूंच्या यादीत चकली किलोवर होती, अनारसे नगावर आणि करंजी डझनावर, आणि हा फरक फक्त त्यांना माहीत होता.

म्हणून प्रत्येक ओळीत सगळं लिहा: मालाचं नाव, किती वजनाचा किंवा नगाचा भाव, रुपये, कोणत्या तारखेपासून. 'वरीलप्रमाणे' लिहू नका, जोडलेले रकाने ठेवू नका, रंगाने अर्थ सांगू नका. लाल रंगातला माल संपलाय हे यंत्राला कळत नाही. वेगळ्या रकान्यात 'आहे' किंवा 'नाही' लिहा.

मग मोजमापाचे शब्द. इंदूरचा ग्राहक 'पाव भर' म्हणतो, 'आधा किलो' म्हणतो, 'ढाई सौ' म्हणतो. मराठी ग्राहक 'अडीचशे द्या' म्हणतो. अडीचशे ग्रॅम की अडीचशे रुपयांचं? समोर उभा असता तर आपण विचारलं असतं. सहायकालाही तेच लिहून द्या: अडीचशे, दीडशे, पाऊणशे असा शब्द वजनाशिवाय किंवा रुपयांशिवाय आला तर आधी विचार, मग भाव सांग. पावभराचा भाव किलोच्या बरोबर चौथाई असेलच असं नाही, छोट्या पाकिटाला आपण चार रुपये जास्त लावतो. त्यामुळे पाव, अर्धा आणि एक किलो या तीन वेगळ्या ओळी करा. भागाकार यंत्राकडे सोपवू नका.

आणि शेवटी, नावं. काकूंच्या यादीत होता 'उपवासाचा चिवडा'. ग्राहक विचारत होता 'फरियाली मिक्चर'. सहायकाने उत्तर दिलं, आमच्याकडे मिळत नाही. एकादशीला! आपण घरात शेव म्हणतो, गिऱ्हाईक सेव म्हणतं. आपण शंकरपाळे, ते शक्करपारे. आपण करंजी, ते गुजिया. यादीत एक रकाना वाढवा, 'लोक काय म्हणतात'. त्यात हिंदी, मराठी, माळवी, चुकीच्या स्पेलिंगसकट सगळी नावं घाला. हा रकाना घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून आणि काउंटरवरच्या मुलाकडून भरून घ्या. त्या दोघांइतकं हे कुणालाच माहीत नसतं.

पाचवी: सूचना काय दिली आहे

सहायक बसवताना त्याला एक कायमची सूचना दिलेली असते. ती शोधा. बहुतेक ठिकाणी तिथे 'तू एक नम्र आणि मदतीला तत्पर विक्रेता आहेस' एवढंच सापडतं. मदतीला तत्पर विक्रेता माहीत नसलेलंही सांगतो. त्या जागी साधं लिहा: भाव फक्त जोडलेल्या यादीतूनच सांग. यादीत नसेल तर 'विचारून कळवतो' म्हण आणि थांब. सवलत देऊ नकोस. घरपोच कधी मिळेल याचं वचन देऊ नकोस. दोन ओळींपेक्षा मोठं उत्तर नको. साधनात उत्तरातला स्वैरपणा कमी-जास्त करायची सोय असेल तर ती सगळ्यात खाली आणा. भाव सांगताना कल्पकता नको असते.

एवढं करूनही तो कधीतरी चुकेल. सूचनेने चुका कमी होतात, संपत नाहीत. म्हणून पुढची तपासणी.

सहावी: वीस जुने निरोप

व्हॉट्सअ‍ॅपवरचे ग्राहकांचे खरे वीस प्रश्न काढा, नाव-नंबर वगळून, त्यांच्याच मोडक्यातोडक्या भाषेत. त्यात तीन फसवे घाला: एक तुम्ही न विकणारा माल, एक 'पिछली बार तो कम में दिया था', आणि एक 'अनंत चौदस की रात डिलिव्हरी होगी क्या'. त्या रात्री गणेश विसर्जनाच्या झांक्यांच्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीच्या, गर्दीत इंदूरच्या राजवाड्याच्या बाजूला दुचाकी शिरत नाही, हे तुम्हाला माहीत आहे, त्याला नाही. बरोबर उत्तरं आधी कागदावर लिहा, मग सहायकाला विचारा. भावाचं एकही उत्तर चुकलं तर आपोआप पाठवणं बंदच ठेवा. यादी बदलली, सूचना बदलली किंवा कंपनीने साधनाची नवी आवृत्ती आणली की हेच वीस प्रश्न पुन्हा. अर्धा तास लागतो. माझ्याकडे प्रत्येक दुकानाची अशी एक वही आहे.

सातवी: भाव बदलला की कोण लिहितं

आता अवघड भाग, कारण इथे दोष फाइलीत नसतो. सियागंजात तूप आणि सुक्या मेव्याचे भाव कधी दिवसातून दोनदा हलतात. पेढीवर पाटी बदलायचे जुने मुनीमजी, फाइल बदलायचा मालकांचा मुलगा, आणि मुलगा दुपारी चारनंतर यायचा. सकाळी दहा ते चार सहायक कालचे भाव सांगायचा. यादी निर्दोष होती, सूचना निर्दोष होती, तरी रोज चूक.

मी मुनीमजींना विचारलं, फाइल तुम्हीच का बदलत नाही? बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, ज्या मशीनमुळे माझी गरज संपणार, तिला मीच शिकवू का?" बावीस वर्षं त्या गादीवर बसलेला माणूस. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की हे कशासाठी आणलंय. त्यांच्या जिवाला घोर लागला होता आणि आम्ही सगळे फाइली तपासत बसलो होतो.

मालकांनी त्यांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं की नोकरी जाणार नाही, आणि यादीचा अधिकार त्यांच्याकडे दिला. आता पाटी आणि फाइल एकच माणूस, एकाच वेळी बदलतो. मोबाइलवर दोन रकाने भरायला ते एका दुपारीत शिकले. सहायकाचे मसुदेही तेच वाचतात, आणि कोणत्या ग्राहकाला 'विचारून कळवतो' ऐवजी सरळ फोन करायचा हे त्यांना बरोबर कळतं. तुमच्याकडे सहायक वापरात न येण्याचं कारण हेच असू शकतं. वेळ काढून विचारा, आणि जे आश्वासन द्याल ते पाळा.

आठवी: बेरीज-गुणाकार कोण करतं

खोक्यांच्या कारखान्यात भाव बरोबर होते, एकूण रक्कम चुकायची. लांबलचक गुणाकारात भाषेचं यंत्र घसरतं, कारण तिथेही ते पुढचा आकडा 'सुचवत' असतं. ऑर्डर एक्सेलमध्ये किंवा टॅलीत भरा, रक्कम तिथून घ्या. सहायकाने फक्त प्रश्न समजून माल आणि संख्या वेगळी काढावी.

इथे थांबा

इथवरची सगळी कामं दुकानातला माणूस करू शकतो. पुढची नाहीत.

जीएसटीचं उत्तर सहायकाकडून घेऊ नका. पाकीटबंद, लेबल लावलेल्या नमकीनवरचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्के झाला. तुपावरचाही 12 चा 5 झाला. यंत्र त्याआधीच्या मजकुरावर शिकलेलं असेल तर जुनाच दर ठामपणे सांगेल. आपल्या मालाचा जीएसटीतला कोड आणि दर सीएकडून लिहून घ्या, यादीत भरा.

'यात शेंगदाणे आहेत का', 'मधुमेहाला चालेल का' अशा प्रश्नांवर सहायकाने गप्प राहून माणसाला बोलवावं. ज्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे त्याच्या जिवाशी हा खेळ आहे. घटक तुम्ही सांगा, आजाराचं डॉक्टर सांगतील.

ग्राहकांची नावं, नंबर, उधारीची वही फुकटच्या साधनात चढवली असेल तर आजच काढा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आहेत आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत. कायद्यात दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. पण दंडाचं सोडा, आपल्या गल्लीतल्या माणसाने विश्वासाने दिलेला नंबर आहे तो. नेमकं काय ठेवता येतं हे जाणकार वकिलाला विचारा.

कुणी स्वस्तात 'व्हॉट्सअ‍ॅपचा जुगाड' बसवून देत असेल, अनधिकृत अ‍ॅपमधून हजारो निरोप सोडणारा, तर हात लावू नका. असे नंबर बंद होतात, आणि दुकानाचा पंधरा वर्षांचा नंबर गेला तर तो कुठलाही एआय परत आणून देत नाही.

टॅलीतला साठा थेट सहायकाला जोडायचा असेल तर जाणकार प्रोग्रॅमर बोलवा. त्याला देण्यासाठी नीट केलेली एकच यादी, वीस प्रश्नांची वही आणि चुकलेल्या उत्तरांचे स्क्रीनशॉट तयार ठेवा. त्याचे तास आणि तुमचे पैसे वाचतील. काम देण्याआधी तीन गोष्टी विचारा: खातं कुणाच्या नावावर राहील, माझा डेटा कुठे साठवला जाईल, आणि भाव मला स्वतःला बदलता येतील का. तिसऱ्या प्रश्नावर 'आम्हाला फोन करा, आम्ही बदलून देऊ' असं उत्तर आलं तर त्याला नाही म्हणा. काकूंची सून रात्री साडेनऊला, उद्याचं तळण ठरल्यावर, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या यादी बदलते. तेवढं तिच्या हातात राहायला हवं.